वाऱ्यापुढची पाळी

३ फेब्रुवारी

विहीणबाईंना,

स. न. वि. वि. नमस्कार मनापासून आहे, विनंती खाली येतेच आहे, आणि विशेष असं आहे की वाचून तुम्हाला घाम फुटेल.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि शेवटी कोणीतरी फोन आपटतं. पत्रात तसं नाही. एकीचं संपल्याशिवाय दुसरीला तोंड उघडता येत नाही. माझी शाळा चौथीत सुटली हे तुम्ही चारचौघांत भरपूर सांगून झालंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवत बसू नका, मजकूर वाचा.

तर आपली भिंगरी जिंकली! मोठ्या मुलींना हरवून जिंकली. तुम्ही तो सायकलींचा ट्रॅक पाहिलेला नाही, म्हणून सांगते. मोठ्या वाडग्यासारखा असतो. कडा अशा चढलेल्या की माणूस चालायला गेला तर बूड घासत खाली येईल. त्यावर ह्या पोरी गरागरा फिरतात आणि त्यांच्या सायकलींना ब्रेक नसतो. हो, ब्रेकच नसतो. पाय थांबवायचे म्हटले तरी थांबत नाहीत, चाक फिरतंय तोवर पेडलही फिरणार. मी कोचला विचारलं, अहो मग थांबायचं कसं? तर तो म्हणाला की आजी, इथे थांबायला कोणी येत नाही.

आणि तरी शेवटच्या शर्यतीत दोघी चक्क थांबल्या. त्याचं असं आहे, जी पुढे जाते ती वारा खाते आणि मागची तिच्या आडोशाला आरामात येते, मग ऐनवेळी बाजूने निसटते. म्हणून पुढे व्हायला कोणी तयार नाही. दोघी सायकलवर उभ्या, पाय जमिनीला नाही, आणि एकमेकींकडे डोळे वटारून बघतायत. मला तुमची आणि माझीच आठवण झाली, मुलांच्या लग्नात फोटोला मध्ये कोणी उभं राहायचं त्यावरून. शेवटी ती दुसरी कंटाळून निघाली आणि आपली तिच्या मागून अशी सुटली की माझ्या पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पाठीत मी थापाच थापा मारल्या. तो बिचारा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

आता विनंती. एका मोठ्या संघाच्या मॅनेजरबाई तिथे होत्या. त्यांना भिंगरी हवी आहे. दोन वर्षांचा करार, पगारी. म्हणजे नोकरीच, पण सायकलची, ट्रॅकवर आणि रस्त्यावर दोन्हीकडे. संघाचं घर लांबच्या शहरात आहे, तिथे राहायचं. मार्चमध्ये एका रस्त्यावरच्या शर्यतीत पाहुणी म्हणून उतरवून बघणार आहेत, आणि कागद एप्रिल संपायच्या आत त्यांच्या हातात हवा. नाहीतर जागा दुसरीला. पोरगी सतराची, म्हणून आईबाप दोघांच्या सह्या लागतात. माझ्या मुलाने तर कागद बघितल्या बघितल्या पेन शोधायला घेतलं. तुमच्या लेकीने मात्र शर्टावरची इस्त्री न उचलता सांगितलं की माझ्या आईचा होकार येऊ दे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पोरगी माझ्या डोक्याच्या वर गेली, तरी हिला आईचा होकार लागतो!

तब्येतीची काळजी करू नका. हाड जुळल्यापासून तर ती आधीपेक्षा जोरात जाते.

तेव्हा लेकीला एवढंच लिहा: सही कर. दोनच शब्द आहेत, तुम्हाला जड जाणार नाहीत.

लोभ असावा. नसला तर निदान उत्तर असावं.

भिंगरीची आजी (घरची)


११ फेब्रुवारी

विहीणबाईंना,

स. न. वि. वि.

कोणतं हाड?

तुमच्या उत्तराची वाट न बघता मी लेकीला फोन केला. आधी तिने विषय बदलायला बघितलं. मग म्हणाली, गळ्याखालचं, डावीकडचं, ऑक्टोबरात. ऑक्टोबरात तुम्ही मला काय कळवलं होतं ते मला पाठ आहे. भिंगरीची परीक्षा आहे, ती सुट्टीला यायची नाही. मी इथे तिच्यासाठी जाकीट बेतून ठेवलं होतं. पोरीचा खांदा मोडून पडला होता आणि मी त्याच खांद्याचं माप धरून टाचण्या लावत बसले होते.

माझ्या शिवणाच्या दुकानात रोज गिऱ्हाईकं येतात. कुणाचं एक माप चुकलं तर मी तोंडावर सांगते की चुकलं, उसवून देते. लपवून ठेवलेली शिवण कधी ना कधी उसवतेच आणि ती भर रस्त्यात उसवते, हे तुम्हाला कोणी शिकवलं नसावं. तुमच्या बाबतीत ती पत्रातच उसवली. तोंड आवरत नाही तसा हातही आवरत नाही, हे बरंच झालं म्हणायचं. नाहीतर मला कधीच कळलं नसतं.

ब्रेक नसलेल्या सायकलवर बसणाऱ्या पोरीला आजीही ब्रेक नसलेलीच मिळाली. तुम्ही बाकावर बसून थापा मारा. पडणार ती आहे.

तुम्ही दोन शब्द मागितलेत, मी तीन देते. माझा होकार नाही.

आहे तेवढा लोभ पुरे, वाढवण्याचे कष्ट घेऊ नका.

भिंगरीची दुसरी आजी


२० फेब्रुवारी

विहीणबाईंना,

स. न. वि. वि. नमस्कार आहे, पण दातओठ खाऊन आहे.

हो, लपवलं! तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्या गाडीने येऊन पोरीला शिवणाच्या टेबलाला बांधून ठेवलं असतं. काय झालं होतं ते आता ऐका. दुसऱ्या मुलीचं चाक हिच्या चाकाला घासलं, दोघी आडव्या झाल्या. मी धावत खाली गेले तर ही बया एका हाताने खांदा धरून मला विचारते, आजी, माझ्या सायकलचं हॅन्डल वाकलं का बघ. मी तिला म्हटलं, तुझंच वाकलंय. तर हसायला लागली आणि हसताना दुखलं म्हणून रडायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं की सायकलवाल्यांचं हे हाड नेहमीचंच, नीट जुळेल. जुळलं. त्यांनी विश्रांती घे म्हटलं तर हिने घरात उभ्या केलेल्या सायकलवर एका हाताने हॅन्डल धरून पाय चालू ठेवले, आणि खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूने वर येऊन विचारलं की तुम्ही पिठाची गिरणी टाकलीत काय.

आणि मला सांगा, तिला पहिली सायकल कोणी दिली? मी नाही दिली. तुमच्याकडे सुट्टीला आली की रिळं आणायला, बटणं आणायला, काजवाल्याकडे कपडे पोचवायला तुम्हीच तिला पिटाळायचात. कोपऱ्यावरून वळताना पाय टेकू नकोस, वेळ जातो, हे तिला कोणी सांगितलं? ती अजून सांगते की दुसऱ्या आजीने शिकवलं. मला तेव्हा फार राग आला होता, श्रेय तुम्हाला गेलं म्हणून. आता घ्या ते श्रेय!

आता एक ऐका. ती पाहुणी म्हणून उतरणार आहे ती मार्चमधली शर्यत तुमच्याच गावातून जाते. तुमच्या दुकानासमोरच्या मोठ्या रस्त्याने फेऱ्या आहेत. पिवळा शर्ट, पाठीवर बारा नंबर. उंबऱ्यात उभ्या राहा आणि आपल्या डोळ्यांनी बघा. हाक मारू नका, पाणी द्यायला धावू नका, आडव्या तर अजिबात जाऊ नका. नुसतं बघा. मग बोला काय बोलायचं ते.

भिंगरी म्हणाली की आजी, गोड लिही. मी लिहायला बसले तेव्हा गोडच होते.

लोभ ठेवा, खर्च करू नका.

घरची आजी


१६ मार्च

विहीणबाईंना,

स. न. वि. वि.

मी बघायला जाणार नव्हते. पण रस्ता बंद, गिऱ्हाईक नाही, मशीन तरी किती वेळ पुसणार. म्हणून गळ्यातली टेप न काढता दारात आले.

पहिल्या फेरीला मला ती सापडलीच नाही, नुसता रंगांचा झोत गेला आणि माझ्या दारातले कापडाचे तुकडे उडाले. दुसऱ्या फेरीला दिसली. सगळ्यांच्या पुढे. मान खाली, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा टरारलेल्या. मी तुमच्यासारखी कुणाच्या पाठीत थापा मारत नाही, पण खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. मग तिच्या मागे बघितलं. तिच्या मागच्या चाकाला चिकटून पिवळ्याच शर्टातली एक उंच मुलगी येत होती. निवांत. घरी खुर्चीत बसावं तशी पाणी पीत होती.

दरवेळी तेच. आपली पुढे, ती उंच मुलगी मागे. शेवटच्या फेरीला माझ्या दुकानासमोरच भिंगरी बाजूला झाली. झाली म्हणजे पायांतला जीवच गेला. सगळा जथा तिला ओलांडून गेला, एकीनेही मान वळवली नाही. ती उंच मुलगी जिंकली. फुलं तिला, फोटो तिचा. आपली आली तेव्हा मागून झाडूवाले रस्ता आवरत येत होते. आणि ती हसत होती! मला मिठी मारून म्हणाली, आजी, जमलं.

मी तशीच मॅनेजरबाईंकडे गेले आणि विचारलं की हे काय चाललंय. त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं की भिंगरीने आपलं काम उत्तम केलं. जिंकणारीला वाऱ्यापासून सांभाळून शेवटपर्यंत न्यायचं, हेच तिचं काम. त्यासाठीच त्यांना ती हवी आहे.

म्हणजे करार हा आहे. दुसरीला फुलं मिळावीत म्हणून माझ्या नातीने वारा खायचा.

विहीणबाई, मला हा खेळ नवा नाही. मी तो तुमच्या लॉन्ड्रीत बघितला आहे. जावईबापू गल्ल्यावर बसतात, गिऱ्हाईकं त्यांना म्हणतात वा काय इस्त्री. तुम्ही खुर्चीत बसून कपड्यांना चिठ्ठ्या लावता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारता. आणि मागे, त्या खिडकी नसलेल्या खोलीत, वाफेत, माझी लेक उभी असते. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून उभी आहे. तिच्या आडोशाला तुम्ही सगळे आरामात येताय. नातीच्या आधी लेक दिली, ती एक पुरे झाली.

होकार नाही. आता तर मुळीच नाही.

लोभाचं नंतर बघू.

दुसरी आजी


२ एप्रिल

विहीणबाईंना,

स. न. वि. वि. या वेळी नमस्कारसुद्धा नाइलाजाने घालते आहे.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही, असं लिहिणार होते, पण जेवले. रागात मला भूक जास्त लागते.

माझ्या घरावर एवढा मोठा आरोप! मी काय जन्मापासून खुर्चीत बसलेय? तुमच्या लेकीच्या आधी त्या खोलीत मी होते. कोळशाची इस्त्री होती तेव्हा, हातभर जड. माझ्या सासूने मला कधी विचारलं नाही की बाई, पाय दुखतात का. तुमची लेक आली, मी खुर्चीत बसले. जगात असंच चालतं.

तरी म्हटलं, तोंडावर विचारावं. तुमचं पत्र घेऊन आत गेले आणि तुमच्या लेकीच्या हातात दिलं. म्हटलं वाच, आणि हे खोटं आहे एवढं सांग, म्हणजे मी तिकडे ठणकावून कळवते. तिने उभ्याने वाचलं. घडी घालून परत दिलं. मी म्हटलं, सांग ना. तर ती म्हणाली, सासूबाई, जरा बाजूला व्हा, कॉलर राहिली आहे. एवढंच. वाद नाही, रडणं नाही. मी तिथेच उभी राहिले तर माझ्याभोवतीनं हात घालून तिने पुढचा शर्ट उचलला. विहीणबाई, तुमची लेक भांडत का नाही हो? तुमच्यासारख्या तोंडाळ बाईच्या पोटी अशी कशी निघाली? भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

ते राहू दे. खेळाचं तुम्हाला काडीचं कळलेलं नाही. मॅनेजरबाईंना मी स्वतः फोन लावला आणि भिंगरीलाही समोर बसवून विचारलं. पुढे राहून वारा खायचा तो कोणी एकीने जन्मभर नाही. आळीपाळी असते. एक पुढे थोडा वेळ राबते, मग कोपराने खूण करते, बाजूला होते, मागे जाऊन आडोशात दम खाते, आणि दुसरी पुढे येते. जी कधीच पुढे येत नाही तिला सगळ्या शिव्या घालतात. भिंगरी त्या दिवशी एकटी पुढे राहिली कारण तिच्या दोघी जोडीदारणी पहिल्याच फेरीत पंक्चर होऊन मागे पडल्या होत्या. आणि नवीन मुलगी असून ती राहिली म्हणून तर त्या सगळ्या खूश आहेत. पुढच्या वर्षी तिच्यासाठी दुसऱ्या राबतील. ट्रॅकवर तर ती स्वतःसाठीच पळणार. पोरीला हे आवडतं. तिला हसताना तुम्हीच बघितलं ना?

एप्रिल लागलासुद्धा. कागद टेबलावर आहे, त्यावर माझ्या मुलाची सही आहे आणि शेजारी मोकळी जागा आहे. भिंगरी येता-जाता त्या जागेकडे बघते. परवा तिने मला सांगितलं की संघाने दुसऱ्या एका मुलीला फोन करून ठेवलाय. सांगताना चेहरा हसरा ठेवला होता, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. माझ्यावर राग काढा. तिच्यावर काढू नका.

लोभ मागत नाही. सही मागते.

घरची आजी


८ एप्रिल

विहीणबाईंना,

स. न. वि. वि.

आळीपाळी असते, हे बरं सांगितलंत. जी पुढे येत नाही तिला शिव्या घालतात, हेही बरं सांगितलंत.

मग आता तुमची पाळी.

मॅनेजरबाईंना फोन लावता येतो तसा मलाही येतो. मुलगी अठराची होईपर्यंत पालकांपैकी एकाला संघाच्या घरी राहू देतात. माझी लेक तिच्याबरोबर जाईल. निदान हा हंगाम संपेपर्यंत. तिथे तिने कुणाचे कपडे धुवायचे नाहीत, कुणाचा स्वयंपाक करायचा नाही. इथली इस्त्री जावईबापूंनी करायची आणि तुम्ही करायची. नोकर ठेवून मोकळं व्हायचं नाही, मी विचारीन.

नुसत्या शब्दावर माझा विश्वास नाही, तुमच्या शब्दाची परीक्षा ऑक्टोबरात झाली. मी येऊन बघणार. माझ्या डोळ्यांदेखत जावईबापू त्या खोलीत उभे राहिले की मी लेकीला सही कर म्हणून सांगेन.

लोभ तुमच्या हातात आहे. इस्त्रीही.

दुसरी आजी


२६ एप्रिल

विहीणबाईंना,

स. न. वि. वि.

झालं समाधान? आलात, बघितलंत, खुर्चीत बसलात. माझ्या खुर्चीत! तिथे बसून माझ्या मुलाने इस्त्री केलेली पॅन्ट उजेडाला धरलीत आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालात की जावईबापू, एका पायाला दोन घड्या पडल्यात, दोन पॅन्टींचे पैसे घेणार का. त्या शेजारच्या न्हाव्याने ऐकलं. आता तो रोज दारात येऊन दोन घड्यांची चौकशी करतो. माझा मुलगा संतापाने लाल आणि वाफेने त्याहून लाल. त्याच्या हाताला चटका बसला तेव्हा तुम्ही मलम काढून दिलंत ते मी बघितलं, पण आभार मानणार नाही, कारण मलम देताना तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो आजारी माणसाला बघून डॉक्टरलाही होत नाही.

दिवसभर मुलाशेजारी उभी राहून घड्या घातल्या, त्याने तुम्ही गेल्यावर माझे गुडघे एवढे सुजले की मी जिना बसून उतरले. हे तुम्हाला आनंद व्हावा म्हणून लिहीत नाही, तरी होईलच.

पण सही झाली! तुम्ही रिक्षात बसलात आणि इकडे तुमच्या लेकीने पेन घेतलं. जराशी थांबली, मग केली. भिंगरीने मला उचललं, खरंच उचललं, आणि गल्ल्याभोवती फिरवलं. मी ओरडले की खांद्याचं हाड जाईल, तर म्हणाली दुसऱ्या आजीला पत्रात लिहू नकोस म्हणजे झालं. बघा, लिहिलं.

परवा दोघी गेल्या. तुमची लेक गाडीत बसताना मला सांगत होती की पांढऱ्या कपड्यांना इस्त्री किती गरम लागते. मी तिला म्हटलं की तू जा गं, मला इस्त्री कळते. गाडी गेल्यावर आत आले तर कळेना की त्या नव्या इस्त्रीचं बटण कुठे आहे.

लोभाचं मला आता त्राण नाही, तुम्हीच ठेवा.

घरची आजी


३० जून

ती. आई आणि ती. सासूबाई यांना,

शि. सा. न. वि. वि.

एकाच मजकुराची दोन पत्रं पाठवते आहे, दोन्ही एकाच टपालपेटीत टाकीन. कोणाला आधी मिळालं यावरून काही काढू नका.

भिंगरी बरी आहे. तिची पहिली मोठी रस्त्यावरची शर्यत वाईट गेली. चढाच्या आधीपर्यंत पुढे राहून तिने आपलं काम केलं, मग इतकी मागे पडली की ठरलेल्या वेळात पोचली नाही आणि निकालात तिचं नावच लागलं नाही. गाडीत अंगावर टॉवेल ओढून रडली. ती उंच मुलगी, आई, जिच्यावर तुझा राग आहे, ती तिच्याशेजारी बसून राहिली आणि तिने स्वतःचे बूट काढायच्या आधी भिंगरीचे काढले. मागच्या रविवारी ट्रॅकवर भिंगरी तिसरी आली. त्या दिवशी त्याच मुलीने आरडाओरडा करून घसा बसवून घेतला.

माझं म्हणाल तर पहिले काही दिवस हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. मग दुपारी झोपायला लागले. एकदा मॅनेजरबाईंनी विचारलं की रस्त्याच्या कडेला उभं राहून मुलींना पाण्याच्या बाटल्या द्याल का. मी नाही म्हटलं. त्या बरं म्हणाल्या आणि निघून गेल्या. नाही म्हटल्यावर माणसं अशी सरळ निघून जातात, हे मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट मनात आहे ती लिहिते, तोंडावर मला जमत नाही. आईचा होकार येऊ दे असं मी म्हटलं ते मला थोडा वेळ हवा होता म्हणून. पोरगी रोज पडू शकते अशा कामाला तिला पाठवायचं, हे मला माझं मला ठरवायचं होतं. तुम्ही दोघींनी पत्रांतून भांडून ते ठरवून टाकलंत. माझी पाळी कधी सुरू झाली, कधी संपली, मी कुठे जायचं, किती दिवस, तेही ठरवलंत. आई, तू माझी बाजू घेतलीस. सासूबाई, तुम्ही गुडघे सुजवून घेतलेत. पण मला दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही. राग आला आहे आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही.

हंगाम संपला की भिंगरी सुट्टीला येईल. मी येईन का ते मी तेव्हा ठरवीन आणि कळवीन.

दोघींचा लोभ आहेच, तो जरा सैल धरावा ही विनंती.

तुमची लेक आणि सून


९ जुलै

विहीणबाईंना,

स. न. वि. वि.

वाचलंत? उलट बोलली! मला, तुम्हाला, दोघींना एका फटक्यात, आणि तेही लेखी! मी पत्र घेऊन तशीच माझ्या मुलाकडे गेले, म्हटलं वाच, तुझी बायको काय लिहिते. त्याने वाचलं आणि बराच वेळ इस्त्री स्टँडवरच ठेवली. मग म्हणाला, आई, मीसुद्धा तिला विचारलं नव्हतं. मी म्हटलं की तुझं नाव तिने घेतलेलंही नाही. तर म्हणाला, तेच तर.

तुम्हाला एवढं सुनावण्यासारखं मला आजवर काही सापडलं नव्हतं, आता सापडलं. बाजू घेते म्हणून आलात आणि लेकीला न विचारता तिचा निकाल लावून गेलात. मीही तेच केलं, पण मी सासू आहे, माझ्याकडून लोकांची तेवढीच अपेक्षा असते. तुमचं काय?

राग आलाय तिला. येऊ दे. कॉलर राहिली आहे म्हणून गप्प बसण्यापेक्षा हे बरं. मला तर वाचताना मध्येच हसू फुटलं, का ते विचारू नका.

आता कामाचं. पलीकडच्या लॉजवाल्याने सगळ्या चादरी आमच्याकडे द्यायला सुरुवात केली आहे. मुलाचा हात बसलाय, दोन घड्या पडत नाहीत, पण तो आत आणि गल्ल्यावर दोन्हीकडे पुरत नाही. चादरीची घडी एकटीने होत नाही हो. एक टोक हनुवटीखाली धरून बघितलं, भिंतीला खिळा ठोकून बघितला, काल न्हाव्याला बोलावलं तर त्याच्या हाताला लागलेले केस चिकटून चादरी परत धुवाव्या लागल्या. तेव्हा तुम्ही या. तुम्हाला कापड सरळ धरता येतं एवढं मी मान्य करते, याच्यापुढे काही करणार नाही. भांडायचं तर भांडूच, पण दुसरं टोक धरून.

आणि शनिवारीच या. भिंगरीची शर्यत टीव्हीवर आहे. मी टीव्ही गल्ल्यावर ठेवून घेतलाय. भिंगरीने फोनवर सांगितलं की आजी, फार वेळ दिसणार नाही मी, कॅमेरा पुढे असतील त्यांच्यावरच असतो. म्हणजे ती वाऱ्यात आहे तोवरच आपल्याला दिसणार. पडद्यावरून गेली की उगाच पडली-बिडली म्हणून छाती धरून बसू नका आणि माझ्या अंगावर येऊ नका. तिचं काम झालेलं असेल, एवढं समजायचं, आणि चादर उचलायची.

लोभ राहू दे तिकडेच. तुम्ही या.

भिंगरीची आजी